पोट सुटलेला सुपरहिरो

'वॉचमेन' वाचलेला माणूस लगेच ओळखू येतो. पुस्तकाचं नाव निघालं की तो आधी आवाज खाली आणतो, चष्मा काढून पुसतो आणि म्हणतो, "ते कॉमिक नाहीये हां, ग्राफिक नॉव्हेल आहे." मग शीतयुद्ध, अणुबाँब, सत्तेचा माज, मानवी अस्तित्वाचा फोलपणा असं एकेक बाहेर येऊ लागतं. ऐकणाऱ्याने नुकताच बटाटेवडा उचललेला असतो, तो तसाच हातात राहतो. एवढ्यावरही समोरचा हलला नाही तर पुरावे दाखल होतात. १९८८ साली ह्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. 'टाइम' साप्ताहिकाने २००५ साली इंग्रजीतल्या शंभर उत्तम कादंबऱ्यांची यादी केली, तिच्यात चित्रांचं पुस्तक हे एकच. ऐकणारा शेवटी "हो का? वाचलं पाहिजे एकदा" असं म्हणून वडा तोंडात टाकतो, आणि पुस्तक आयुष्यभर वाचत नाही.

माझी तक्रार एवढीच, की हे पुस्तक विनोदी आहे हे कुणी सांगतच नाही. त्यात खून आहेत, डोक्यावर परिणाम झालेली माणसं आहेत, जगबुडी दाराशी येऊन ठेपलेली आहे, आणि शेवट वाचल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. सगळं मान्य. पण ह्या जगबुडीच्या ऐन मध्यावर चाळिशी ओलांडलेला एक सद्गृहस्थ आपल्या घराच्या तळघरात उभा आहे, समोर कपाटात त्याचा जुना घुबडछाप पोशाख टांगलेला आहे, आणि मधल्या वर्षांत पोट पुढे आलेलं आहे. ह्याला तुम्ही शोकांतिका म्हणा. माझ्याही कपाटात लग्नातला सूट आहे, त्यामुळे मला हसू येतं.

म्हणून मी हे पुस्तक तरुणांना सुचवायचं सोडून दिलं आहे. आमच्या भाच्याला एकदा दिलं होतं. त्याने पन्नासेक पानं चाळली आणि विचारलं, "ह्यात कुणी उडत नाही?" म्हटलं, "उडतो की. पण एकच, तो निळा आहे, आणि त्याचं पृथ्वीवर मन लागत नाही." त्याने पुस्तक मिटलं. त्याचंही बरोबरच आहे. गुडघा दुखायला लागल्याशिवाय ह्यातली निम्मी गंमत कळत नाही.

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ भेटायचा. डेंकालीच्या दमट जंगलात हा माणूस अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख घालून, वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी चढवून पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. त्याला घामोळं येतं का, पोशाख धुतो कोण, दुसरा जोड आहे की रात्री वाळत घालून सकाळी तोच, असले प्रश्न आम्ही कधी विचारले नाहीत. विचारले असते तर मार मिळाला असता, आणि तो वेताळाकडून नव्हे.

असले प्रश्न अमेरिकेत थोडेफार विचारले ते स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको ह्यांनी. १९६२ साली त्यांनी स्पायडरमॅन काढला. पुढच्या वर्षी त्याचा स्वतःचा पहिला अंक आला, त्यात हा पोरगा घरची ओढाताण भागवायला रंगमंचावर खेळ करून दाखवतो आणि मानधनाचा चेक घेऊन बँकेत जातो. चेक स्पायडरमॅनच्या नावाचा. काउंटरवरचा माणूस म्हणतो, ओळखपत्र दाखवा. पोरगा म्हणतो, हा पोशाख दिसत नाही का? काउंटरवाला म्हणतो, पोशाख काय, कुणीही घालेल. चेक वटत नाही. भिंतीवर चढणाऱ्या, मोटारी उचलणाऱ्या माणसाला केवायसीने आडवं केलं, हा प्रसंग साठ वर्षांपूर्वीचा आहे. मला विचाराल तर सुपरहिरो खऱ्या अर्थाने जमिनीवर आला तो त्या काउंटरपाशी.

ॲलन मूर ह्या इंग्रज लेखकाने हेच प्रश्न पुढे नेले, आणि असे नेले की उत्तर मिळेपर्यंत सोडलेच नाहीत. त्या वेळी डीसी कॉमिक्सने चार्ल्टन नावाच्या दुसऱ्या एका प्रकाशनाचे सुपरहिरो विकत घेतले होते. मूरने त्यांच्यावर एक कथा रचून पाठवली. ती वाचून संपादक डिक जिओर्दानो ह्यांच्या लक्षात आलं, की हा गृहस्थ आपण नुकताच पैसे मोजून आणलेला माल एकाच कथेत निकालात काढतो आहे. ते म्हणाले, कथा उत्तम आहे, फक्त माणसं तुझी तू आण. मूरने आपली माणसं आणली, डेव्ह गिबन्स ह्यांनी ती काढली, जॉन हिगिन्स ह्यांनी रंगवली, आणि १९८६-८७ मध्ये बारा अंकांत 'वॉचमेन' आलं.

कथेतली अमेरिका आपल्या माहितीतल्या अमेरिकेहून थोडी सरकलेली आहे. व्हिएतनामचं युद्ध तिने जिंकलेलं आहे, निक्सन अजून राष्ट्राध्यक्ष आहेत, आणि मुखवटे घालून गुंडांना बदडणाऱ्यांवर १९७७ सालच्या कायद्याने बंदी आलेली आहे. सरकारी नोकरीत असलेले एकदोघे सोडले तर बाकीचे घरी बसले. म्हणजे गोष्ट सुरू होते तेव्हा हे बहुतेक सगळे सक्तीने निवृत्त झालेले लोक आहेत. वेळ जाता जात नाही.

मघाचे घुबडवाले म्हणजे डॅन ड्रायबर्ग, ऊर्फ नाइट आउल. वडिलांचा पैसा, पक्ष्यांचा अभ्यास, स्वभाव गरीब, चष्मा जाड. दर शनिवारी रात्री ते आपल्या आधीच्या नाइट आउलकडे, म्हणजे हॉलिस मेसन ह्या म्हाताऱ्याकडे, बिअर प्यायला जातात आणि दोघं मिळून त्याच त्या जुन्या हकिकती उगाळतात. मेसन मूळचे पोलीस, नंतर गॅरेजवाले. गॅरेजच्या पाटीवर लिहिलेलं आहे, की जुनी, बंद पडलेली मॉडेलं ही आमची खासियत. मूर आणि गिबन्स ही पाटी चित्राच्या कोपऱ्यात ठेवून पुढे निघून जातात. ज्याने वाचली त्याने हसावं, नाही वाचली त्याचं नुकसान.

डॅनच्या तळघरात घुबडाच्या तोंडाचं एक उडतं यान आहे. लॉरी ही जुनी सहकारी त्यांच्याकडे राहायला आलेली असते. ती कुतूहलाने यानात शिरते आणि सिगारेट पेटवायचं बटण समजून भलतंच बटण दाबते. ते असतं आग फेकायचं. तळघर पेटतं. डॅन धावत येतात, आग विझवतात, आणि वर स्वतःच माफी मागतात, की ते बटण तिथे ठेवायला नको होतं. पुढे ते तिला जुन्या वस्तू दाखवत फिरतात. त्यात अंगावर चढवायचा एक यांत्रिक सांगाडा आहे. त्याने माणसाची ताकद वाढणार होती. पहिल्यांदा घातला तेव्हा त्याने डॅनचाच हात मोडला. ज्या घरात ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घातले जातात, तिथे ह्या सांगाड्याविषयी वेगळं काही सांगायला नको.

नंतर हे दोघं पुन्हा पोशाख चढवून बाहेर पडतात. एका पेटलेल्या इमारतीतून माणसांना यानात घेतात, आणि मग त्यांना कॉफी देतात! मागे बिली हॉलिडेचं गाणं लागलेलं. धुराने काळेठिक्कर पडलेले लोक कप हातात धरून बसले आहेत. आगीतून सोडवणारे सुपरहिरो मी खूप वाचले, सोडवल्यावर कॉफी विचारणारे हेच. माणूस घरंदाज असला की मुखवट्यातूनसुद्धा ते दिसतं.

डॅनचा जुना जोडीदार मात्र ह्याच्या अगदी उलट. रोर्शाक. तोंडावर पांढरं फडकं, त्यावर शाईचे डाग सारखे आकार बदलत असतात. बंदी त्याने मानलेली नाही. गुन्हेगार त्याला चळचळा कापतात. आता हा भयंकर पुरुष पहिल्याच अंकात काय करतो? डॅन रात्री घरी येतात तो दाराचं कुलूप मोडलेलं. आत स्वयंपाकघरात अंधारात हा बसलेला, मुखवटा नाकापर्यंत वर सरकवून, डॅनच्या कपाटातला बीन्सचा डबा फोडून चमच्याने गारच खातो आहे. डॅन विचारतात, गरम करून देऊ का? तो म्हणतो, नको, असेच बरे आहेत. एक खून झालाय हे सांगायला तो आलेला असतो. सांगतो, बीन्सवरून एक अत्यंत फालतू विनोद करतो, आणि जाताना साखरेचे क्यूब मूठभर खिशात घालतो. ते क्यूब तो पुढे बरेच दिवस, ऐन तपासाच्या वेळीसुद्धा, चघळताना दिसतो.

हे एवढं पान मी कितीही वेळा उघडून बघू शकतो. डॅनचं अवघडलेपण, 'जेवलास का' विचारायचा संस्कार, आणि समोर दार मोडून आलेला पाहुणा. पुढे कुलूपवाला येतो, नवं कुलूप बसवतो, आणि वाचणाऱ्याला माहीत असतं की हेही टिकणार नाही. रोर्शाकच्या घरमालकिणीची तक्रार वेगळी आहे. तिच्या लेखी हा न्यायाचा कर्दनकाळ वगैरे कुणी नाही. भाडं थकलंय आणि खोलीला वास येतो, एवढंच. त्याला पकडून मुखवटा ओढतात तेव्हा शिपायांना आणखी एक शोध लागतो. गृहस्थाने उंच दिसण्यासाठी आतून टाचा वाढवलेले बूट घातलेले असतात.

आता डॉलर बिल. हे पात्र अगदी छोटं आहे, चित्रांतसुद्धा फारसं येत नाही. हॉलिस मेसन ह्यांचं आत्मचरित्र अंकांच्या शेवटी तुकड्यातुकड्यांनी छापलेलं आहे, त्यात त्याची हकिकत येते. मूळचा खेळाडू, दिसायला राजबिंडा. एका मोठ्या बँकेने त्याला चक्क नोकरीवर ठेवलं, आपला घरचा सुपरहिरो म्हणून. पोशाख बँकेनेच करून घेतला, जाहिरातीत उठून दिसेल असा, पाठीवर झोकदार झूल. त्याने स्वतः ठरवला असता तर झूल कदाचित गाळली असती. एकदा बँकेच्याच शाखेवर दरोडा पडला. हा धावला, झूल फिरत्या दारात अडकली, ती सुटेपर्यंत दरोडेखोरांनी जवळूनच गोळी घातली. मेसन ह्यांनी स्वतः सुरुवातीला झूल लावून बघितली होती, पण ती जिथेतिथे अडकते म्हणून काढून टाकली होती. हा मजकूर छापून आल्यावर १८ वर्षांनी पिक्सारच्या 'द इन्क्रेडिबल्स'मध्ये एक ठेंगणी शिवणकामवाली बाई हाच नियम ठणकावून सांगते, की झुली शिवून मिळणार नाहीत.

आमच्या मामांनी उभी हयात बँकेत काढली. ते कॉमिक वाचणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून मी त्यांना तेवढं पान काढून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन, पान नाकाजवळ धरून शांतपणे वाचलं.

"ही सरळसरळ हेड ऑफिसची चूक आहे," ते म्हणाले.

"मामा, दरोडेखोरांनी गोळी घातली त्याला."

"ते नंतर. ड्रेस कुणी ठरवला? हेड ऑफिसने. ठरवणाऱ्याने जन्मात कधी शाखा बघितली होती का? दार कसलं आहे, आत किती जागा आहे, काही विचारलं का? ह्याने सांगितलं असणार, की साहेब, हे मागचं अडकतंय. सांगितलं असणार. लेखी दिलं नसणार." मग पान उलटून मागेपुढे बघू लागले.

"काय शोधताय?"

"घरच्यांना काही मिळालं का ते. ऑन ड्यूटी गेला ना तो."

ह्याहून चांगली समीक्षा मी 'वॉचमेन'ची वाचलेली नाही. अभ्यासक ह्या पुस्तकात फॅसिझम शोधतात, नीत्शे शोधतात. मूरने पेरलेलं असतं त्यामुळे सापडतंही. पण डॉलर बिलच्या मरणाची खरी जबाबदारी कुणावर, हे मामांनी एका वाचनात काढलं.

ह्यानंतर मामा आपण होऊन पुढे वाचायला लागले आणि १९६६ सालच्या सभेपाशी त्यांना स्वतःची सोसायटी भेटली. कॅप्टन मेट्रोपोलिस नावाचे एक जुने, हौशी सुपरहिरो सगळ्यांना एकत्र करायचं ठरवतात. बैठक बोलावतात. फळ्यावर अमेरिकेचा नकाशा लावतात, त्यावर देशापुढचे प्रश्न लिहून चिठ्ठ्या डकवतात, आणि छडी घेऊन उभे राहतात. लोक कसे जमलेत? एक पेपर तोंडावर धरून बसलाय, एकाला मुळात हा उद्योगच पटलेला नाही, एक जण शेजारच्या मुलीकडे बघतोय आणि त्याची मैत्रीण ते बघतेय. मग कॉमेडियन नावाचा दांडगा उठतो, सगळ्यांची टर उडवतो आणि लायटर काढून नकाशालाच काडी लावतो. सभा संपते. लोक निघून जातात आणि कॅप्टन मेट्रोपोलिस मागून ओरडत राहतात, की कुणीतरी जगाला वाचवायला पाहिजे! आमच्याकडे गच्चीच्या गळतीची वार्षिक सभा हुबेहूब अशीच होते, फक्त लायटर नसतो.

निळा माणूस राहिला. डॉक्टर मॅनहॅटन. सगळ्या पुस्तकात खरीखुरी अचाट शक्ती असलेला हा एकटाच. १९५९ सालच्या अपघातात त्याच्या शरीराचे कण कण विखुरले आणि त्याने ते पुन्हा जोडले. त्याला भूत-भविष्य एकाच वेळी दिसतं, तो एकाच वेळी अनेक देह धारण करू शकतो. लॉरी आधी ह्याची सहचरी होती, आणि तिने ह्याला सोडलं त्याचं कारण ऐका. एका निवांत क्षणी तिच्या लक्षात येतं की आपल्याजवळ ह्याच्या दोन प्रती आहेत आणि तिसरी त्याच वेळी शेजारच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. ती भडकते. त्याला खरोखर कळत नाही, की बाईसाहेबांना राग कसला आला. अणूच्या पोटात काय चाललंय ते दिसतं, घरात काय चाललंय ते दिसत नाही. आमच्या वहिनींनी हा भाग वाचून पुस्तक दादाच्या उशाशी उघडं ठेवलं, असं ऐकतो.

हसता हसता मधेच पाय घसरतो, तीही ह्या पुस्तकाची खोड आहे. मेसन आत्मचरित्राची सुरुवातच एका दुःखद प्रसंगाने करतात. वडील ज्या गॅरेजात काम करायचे त्याचे मालक मो व्हर्नन. दोन नाद. एक ऑपेरा, दुसरा चहाटळ वस्तू गोळा करून लोकांना हसवायचं. एक दिवस ते खोलीत रबराचे नकली स्तन छातीला बांधून बसले होते, पुढची थट्टा करायच्या तयारीत. तेवढ्यात टपाल आलं. बायको त्यांच्याच भरवशाच्या कामगाराबरोबर, पैसे घेऊन निघून गेली होती. मो खोलीच्या दारात आले. डोळ्यांतून पाणी, मागे वाग्नरचं संगीत मोठ्याने चाललेलं, आणि छातीला ते तसंच बांधलेलं. कामगारांनी बघितलं आणि सगळे हसले. मेसन त्या वेळी लहान होते, तेही हसले. वाचणारासुद्धा अर्ध्या वाक्यापर्यंत हसत असतो. मुखवटे, झुली, चड्ड्या घालून फिरलेल्या माणसाने आपली गोष्ट इथून सुरू करावी, ही मूरची करामत आहे.

मूरच्या लिहिण्याच्या पद्धतीवर एक वेगळं कॉमिक निघेल. चित्रकाराला सूचना म्हणून तो जी संहिता पाठवायचा, ती पहिल्या अंकासाठी टंकलिखित १०१ पानांची होती. एका चौकटीत टेबलावर काय पडलंय, भिंतीवर काय लिहिलंय, सगळं. गिबन्स आधी पानांना नंबर घालायचे, कारण गठ्ठा खाली पडला तर पुन्हा लागणार नाही. मग रंगीत पेन घेऊन नेमकं काढायचं काय ते हुडकायचे. पुढे पुढे वेळ इतका अपुरा पडू लागला, की मूर लिहून झालेली पानं टॅक्सीवाल्याच्या हाती ५० मैल धाडू लागला, आणि पानांवर नऊ-नऊ चौकटी आखायला गिबन्सनी बायको-मुलाला बसवलं. जगाच्या अंताची ही गाथा घरच्या घरी अशी पुरी झाली.

तिच्यानंतर नकलांचं पेव फुटलं. जो तो सुपरहिरो दात-ओठ खाऊ लागला, दारू पिऊ लागला, पावसात उभा राहून स्वगतं म्हणू लागला. ह्या मंडळींनी 'वॉचमेन'मधलं रक्त तेवढं उचललं आणि बीन्स मागे सोडले. २००९ साली झॅक स्नायडरने सिनेमा काढला. मूळ चौकटींशी पुष्कळ इमान राखलं, पण नाइट आउलला असा टणक चिलखती पोशाख चढवला की पोटाला वावच राहिला नाही. तिथेच माझं मन उडालं.

तर वाचा. मुळातून वाचा, आणि अंकांच्या शेवटची नुसत्या मजकुराची पानं गाळू नका, डॉलर बिल आणि मो व्हर्नन तिथेच राहतात. चित्रांत कोपऱ्यातल्या पाट्या वाचा. फक्त पुस्तक घेताना एक अडचण आहे, ती मी मामांनाही सांगितली. करार असा होता, की पुस्तक छापणं बंद झालं की हक्क मूर आणि गिबन्स ह्यांच्याकडे परत यायचे. त्या काळी कॉमिक्स वर्षा-दोन वर्षांत बाजारातून जायची, त्यामुळे दोघांना वाटलं, थोडेच दिवस थांबायचंय. पुस्तक इतकं खपलं की छपाई आजतागायत थांबलेली नाही. मूर चिडला, प्रकाशकाशी बोलणं सोडलं, सिनेमावर नाव घालू दिलं नाही, त्याचे पैसेही नाकारले. म्हणजे आपण विकत घेतलेली प्रत्येक प्रत हक्क परत मिळण्याचा दिवस थोडा आणखी पुढे ढकलते.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. "लेखी होतं ना?"

"लेखीच होतं. तोच घोळ झाला."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "ह्याचे आणखी भाग आहेत का?"

"आहेत ना. २०१२ साली 'बिफोर वॉचमेन' काढलं. मूरने नाही, दुसऱ्यांनी लिहिलं."

"हेड ऑफिसने काढलं?"

"हो."

"मग राहू दे," मामा म्हणाले, आणि आठवा अंक उघडून वाचू लागले.